सहा मात्रांतून आफ्रिकेकडे

फ्युजन म्हटले की आपल्याकडचा जाणता श्रोता नाक मुरडतो, आणि त्याचे सगळेच चुकते असे नाही. तबल्याला गिटारची जोड, त्यावर कीबोर्डचा थर आणि वर एखाद्या खंडाचे नाव, असा माल बाजारात पुष्कळ आला. तालवादक त्रिलोक गुर्टू यांचे आफ्रिकी कलावंतांबरोबरचे काम मात्र त्या ढिगात टाकता येत नाही. ही भागीदारी जमली ती गुर्टूंनी आपली परंपरा बाजूला ठेवली म्हणून नव्हे, तर लयीचा हिशेब त्यांना घरातूनच पक्का येत होता म्हणून, असे माझे मत आहे.

घर म्हणजे शोभा गुर्टूंचे. 1925 साली बेळगावात जन्मलेल्या शोभाताई ठुमरी-दादऱ्याच्या मोठ्या गायिका. त्यांचा हा मुलगा 1951 साली मुंबईत जन्मला, आधी तबला शिकला, मग ड्रमकडे वळला. सत्तरच्या दशकात युरोपात डॉन चेरी या अमेरिकी ट्रम्पेटवादकाची साथ. 1984 मध्ये तालवादक कॉलिन वॉलकॉट अपघातात गेल्यावर त्यांच्या जागी ‘ओरेगॉन’ या गटात प्रवेश. पुढे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकुटात वादन. स्वतःच्या नावावरचा ‘उसफ्रेत’ हा अल्बम 1988 मध्ये सीएमपी या छोट्या जर्मन कंपनीने काढला. त्यात डॉन चेरी आहेत आणि खुद्द शोभाताईंचा आवाजही आहे. वाजवायची बैठकही पाहण्यासारखी. स्टुलावर बसून ड्रम वाजवण्याची रीत सोडून गुर्टू जमिनीलगत, गुडघा टेकून बसतात. तबला आणि ड्रम एकाच हाताच्या टप्प्यात, शेजारी पाण्याची बादली. वाजती घंटा पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. काहींना हा देखावा वाटतो. पण त्या बैठकीत तबलजी आणि ड्रमर असे दोन वेगळी माणसे उरत नाहीत, हे महत्त्वाचे.

आता आफ्रिकेचा प्रश्न. पश्चिम आफ्रिकेच्या अनेक वादनप्रकारांत लोखंडी घंटेचा एक ठेका अखंड चालतो आणि बाकीची वाद्ये वेगवेगळ्या जागांवरून त्यावर चढतात. एकाच वेळात कोणी दोन मोजतो, कोणी तीन. ऐकायला हे परके वाटते, पण दादरा घेऊन पाहा. धा धिं ना, धा तिं ना. हाताने पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर थाप द्या. पायाने पहिली, तिसरी आणि पाचवी मात्रा धरा. हाताने सहाचे दोन भाग केले, पायाने तीन. चार-पाच आवर्तने सांभाळली तर आफ्रिकी लयीचा गाभा बसल्याजागी हाती लागतो. भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीत झाडीपट्टीचे नाटक पाहत, भजन ऐकत वाढलेल्या कानाला दादरा नवा नाही. त्यात दडलेली ही दुसरी मोजणी तेवढी आपण सहसा मोजत नाही. फरकही आहेच. आपल्याकडे सगळे समेवर एकत्र येतात, तिकडे प्रत्येकाची सुरुवात निराळी असू शकते. दोन्हीकडची शिस्त सांभाळणारा वादक म्हणूनच दुर्मिळ.

2000 सालच्या ‘आफ्रिकन फँटसी’त मालीच्या ऊमू सांगारे आणि बेनिनच्या अँजेलिक किद्जो गायल्या. पुढच्याच वर्षीच्या ‘द बीट ऑफ लव्ह’मध्ये मालीचे सालिफ केइता आले. यावर आक्षेप असा की, ही सारी युरोप-अमेरिकेच्या ‘वर्ल्ड म्युझिक’ बाजाराची किमया. आफ्रिका नुसती चवीपुरती. आक्षेप पोकळ नाही. अमेरिकी गायक पॉल सायमनच्या 1986 च्या ‘ग्रेसलँड’वरून, संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार असताना दक्षिण आफ्रिकेत ध्वनिमुद्रण केल्याबद्दल, मोठे वादळ उठलेच होते. पण गुर्टूंकडे आलेले गायक कोणी शोधून काढलेले अनामिक नव्हते. आपापल्या नावावर जगभर गाजलेले होते. 2006 मधला ‘फराकाला’ तर गुर्टू आणि मालीच्या कलावंतांची फ्रिकीवा फॅमिली अशा जोडनावानेच निघाला. नाव वाटून घेतले म्हणजे न्याय झाला असे नाही, तरी चव म्हणून वापरलेल्याचे नाव कोणी आपल्या शेजारी छापत नाही.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा: अशाने धड तबला राहत नाही, धड ड्रम. ज्यांना एकल तबलाच ऐकायचा आहे त्यांच्यासाठी हे वादन नाहीच, हे कबूल. पण ठुमरी-दादऱ्यालाही ‘उपशास्त्रीय’ म्हणून पायरीखाली बसवणारे जाणकार होतेच, आणि शोभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व पद्मभूषण मिळाले ते त्याच गाण्यासाठी. गुर्टूंचा खरा दोष वेगळा आहे. पाहुण्यांची गर्दी ते कधीकधी इतकी करतात की प्रत्येकाला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. म्हणून ऐकायला बसणाऱ्याने ‘आफ्रिकन फँटसी’पासून सुरुवात करू नये. आधी ‘उसफ्रेत’ ऐकावा, आईच्या गाण्याभोवती मुलाची लय कशी फिरते ते पाहावे, आणि मग आफ्रिकेकडे वळावे.