क्वाड-बाइकच्या मागील सांध्यांची दुरुस्ती

बैलगाडीच्या आंसाला वेळेवर वंगण मिळालें नाहीं, तर चाक करकरूं लागतें आणि गाडीवानास आपली चूक तेथेंच कळते. क्वाड-बाइकची गोष्ट तशी नाहीं. तिचे मऊ टायर धक्के गिळून टाकतात, इंजिनाच्या आवाजांत सांध्याची खटखट बुडून जाते, आणि झिजलेला बुश महिनेच्या महिने लपून राहतो. तो उघडकीस येतो तो बहुधा उतारावर, व तेंही पाठीमागें फवारणीची टाकी लादलेली असतांना.

या गाडीची मागील रचना दोन प्रकारची असते. साध्या गाडींत दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर असून तो आंस ‘स्विंग-आर्म’ नांवाच्या लोखंडी भुजेंत बसविलेला असतो. ही भुजा चेसीला सांध्यानें जोडलेली असून खालींवर हलते, व शॉक-अ‍ॅब्सॉर्बर तिला तोलून धरतो. दुसऱ्या प्रकारांत प्रत्येक चाकास स्वतंत्र भुजा असतात. तेथें सांधे अधिक, म्हणून झीजही अधिक ठिकाणीं.

परीक्षेस फार वेळ लागत नाहीं. प्रथम टायरांतील हवा मापावी. या गाड्यांत ती फारच कमी, बहुतेकांत दर चौरस इंचास ४ ते ७ पौंड असते. एका बाजूची हवा थोडी उतरली तरी गाडी तिकडे ओढते, व दोष उगाच सांध्यांवर येतो. मग सपाट जमिनीवर पुढील चाकांस दगड लावून, चेसीखालीं जॅक व मजबूत ठोकळे देऊन मागील चाकें अधांतरीं करावीं. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालूं नये. चाक वरून व खालून धरून हलवावें. चाक हलून आंस स्थिर राहिला, तर चाकाचे नट किंवा हब ढिलें आहे. आंसही आपल्या घरांत हलला, तर आंसाचें बेअरिंग गेलें. सबंध भुजा डावीउजवीकडे सरकली, तर दोष तिच्या मुख्य सांध्याचा. चाक हळूच वर उचलतांना ‘टक्’ वाजल्यास शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या टोकांचे बुश पाहावे.

मुख्य सांधा खोलतांना गंजलेल्या बोल्टावर हातोडा चालविण्याची घाई करूं नये. आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल सोडावें, व ठोकतांना नट आट्यांच्या टोकाशीं ठेवावा, म्हणजे आटे बिघडत नाहींत. येथें हटकून होणारी चूक म्हणजे बुश तेवढा नवा घालून आंतील पोलादी नळी जुनीच ठेवणें. नळीवर गंजाचे खड्डे असले, तर ती कानशीप्रमाणें नव्या बुशास खाते. बुश, नळी व सील हीं तिन्ही एकत्र बदलावीं. बुश ठोकून न बसवितां लांब बोल्ट, नट व योग्य मापाचे वॉशर घेऊन आवळत आवळत सरळ ओढून घ्यावा. नट किती आवळावा याचा आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो. तो टॉर्क-पान्यानेंच साधावा. सेल्फ-लॉकिंग नट व कॉटर-पिन पुनः वापरूं नयेत. रबर जोडलेला बुश असल्यास शेवटचें आवळणें गाडी चाकांवर उभी करून करावें. नाहींतर रबर सदैव पिळलेलें राहून लवकर फाटतें.

दोन कामें मात्र घरीं करूं नयेत. शॉक-अ‍ॅब्सॉर्बरची दबलेली स्प्रिंग योग्य साधनाशिवाय सोडल्यास हातास किंवा डोळ्यास मोठी इजा होऊं शकते. तसेंच तडा गेलेल्या भुजेस वेल्डिंगचा डाग देऊन पुनः भार घालूं नये, ती बदलावी.

हा खटाटोप कशासाठीं? ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत मेंढ्या व गुरें राखण्यास ही गाडी नित्य वापरतात, आणि तेथील शेतांवर तिच्यामुळें होणाऱ्या मृत्यूंचें एक प्रमुख कारण गाडी उलटणें हेंच आहे. म्हणून ऑस्ट्रेलियानें ११ ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या नव्या क्वाड-बाइकांस, उलटल्यावर स्वाराचें रक्षण करणारी चौकट सक्तीची केली. चौकट उपयोगाची खरी. पण तिची पाळी तोल गेल्यावर येते. भुजेचा सांधा ढिला असला, तर मागचीं चाकें आपल्याच मनानें दिशा बदलतात, व तोल तेथेंच जाऊं लागतो.

तेव्हां निपल असतील तेथें वेळच्या वेळीं ग्रीस भरावें, व धुतांना पाण्याचा जोराचा फवारा सीलांवर मारूं नये. खांदा सुजलेल्या बैलास आपण औतास जुंपीत नाहीं. ढिल्या सांध्याची गाडीही दुरुस्तीवांचून उतारावर नेऊं नये.