296 मतं आणि ढाब्यावरचा कॅमेरा

2014च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतला, ही तक्रार. निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण होतं, पण सीडीसोबत लागणारा दाखला अधिकारी देईनात. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर दाखला हवाच; मागूनही मिळेना, तर न्यायालयामार्फत मागवा.

राजकारण सोडा. त्या निकालाचा उपयोग आज अपघातात माणूस गमावलेल्या घराला आहे. ढाब्यावरचा किंवा टोलनाक्यावरचा कॅमेरा ट्रकनं मारलेला कट टिपतो, पण थोड्याच दिवसांत जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं. तेराव्यापर्यंत घरच्यांना कागद सुचत नाहीत, आणि पुरावा तेवढा वेळ थांबत नाही. 1 जुलै 2024पासून साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63खाली दाखल्याचे दोन भाग झाले: एक उपकरण सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पुराव्याचे नियम तितके काटेकोर नसतात; विमा कंपनीचा वकील हरकत मात्र घेतोच.

अमेरिकेत खटल्याची सुनावणी सुरू होण्याआधीच दोन्ही बाजूंना एकमेकांचे कागद पाहायला मिळतात, साक्षीदारांना शपथेवर विचारता येतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 169 न्यायाधिकरणाला कागद मागवायचा, साक्षीदार बोलवायचा अधिकार देतं. तो वापरायला अर्ज करावा लागतो, एवढंच. 1 एप्रिल 2022पासून पोलिसांनीही 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा आहे. तरी भार पडतो तो स्थळपंचनाम्यावरच. ‘भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे’ हे शब्द प्रत्येक फिर्यादीत असतात, त्यानं काही ठरत नाही. टायरच्या खुणा कुठवर होत्या, गाड्या हलवण्याआधी कुठे होत्या, हे नकाशात आलं का, ते पाहावं. फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा इथे लागत नाही. पारडं कुठे झुकतं ते पुरतं.

खरी ओढाताण होते ती भरपाई ज्यावर ठरते त्या उत्पन्नावर. मोसंबीची बाग सांभाळणारा गेला की समोरून युक्तिवाद येतो: बाग तर जागेवरच आहे! सातबारा इथे उलटतो. मग बाग कोण बघत होतं, आता त्यासाठी सालगडी ठेवावा लागला का, आडतीच्या पट्ट्या कुणाच्या नावच्या, हे दाखवावं लागतं. वयाचंही तसंच. 2009च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे उत्पन्नाला लावायचा गुणक 36 ते 40 वयाला 15, एक्केचाळिसाव्या वर्षी 14. तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा.

कायद्यात दाव्याची मुदत सहा महिन्यांची लिहिली आहे. पण पहिल्याच आठवड्यात कॅमेऱ्याच्या मालकाला आणि पोलीस ठाण्याला चित्रीकरण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.