फिल्टर प्लांटवरची नोकरी

जबलपूरला नर्मदा लाभली, पण नळाचं पाणी काही ग्वारीघाटावरून थेट घरात येत नाही. १८८३ मध्ये खंदारी जलाशयाचं पाणी शहराला मिळू लागलं, पुढे परियटचं आलं. आज मुख्य भार नर्मदेवर आहे. लालपूर, रमनगरा, रांझी इथल्या केंद्रांत पाणी शुद्ध होतं. तिथे पाळ्यांनी राबणाऱ्या ऑपरेटरच्या कामाकडे आपल्या मुलामुलींनी पेशा म्हणून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र डोळे उघडे ठेवून.

हे काम बटणं दाबण्याचं नाही. पावसाळ्यात बरगी धरणाची दारं उघडली, गौर नदी दुथडी भरली, की काही तासांत पाण्याचा रंग पालटतो आणि कालचा तुरटीचा डोस आज चालत नाही. मग जार टेस्ट लावतात. सहा बीकर, सगळ्यांत तेच कच्चं पाणी, तुरटी मात्र चढत्या मापाने. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू. कुठल्या बीकरमध्ये गाळाचे पुंजके चांगले धरतात, लवकर तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ राहतं, त्यावर डोस ठरतो. तुरटी कमी पडली तर गाळ फिल्टरवर जाऊन वाळू चोंदते. जास्त झाली तर पाण्याचा सामू घसरतो. शेवटी क्लोरीन. ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. गॅस गळतोय अशी शंका आली तर अमोनियात भिजवलेला बोळा सांध्याजवळ धरतात. पांढरा धूर दिसला की गळती सापडली.

नोकऱ्यांची खरी वाढ मात्र मला सांडपाण्यात दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे बांधून ठेवलेली केंद्रंसुद्धा पुरती चालत नाहीत. कुठे गटारवाहिन्या जोडलेल्या नसतात, कुठे विजेचं बिल परवडत नाही, आणि कुठे केंद्र चालवणारा जाणकार माणूसच नसतो. शहरी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठीच्या ‘अमृत’ योजनेचा पहिला टप्पा २०१५ मध्ये आणि दुसरा २०२१ मध्ये सुरू झाला. त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक केंद्राला दिवसरात्र माणसं लागणारच. जबलपुरात ओमती आणि मोती नाल्यांचं पाणी, परियटकाठच्या डेअऱ्यांचं शेणपाणी, कारखान्यांचं आणि मोठ्या रुग्णालयांचं सांडपाणी, एवढं काम समोर पडलेलं आहे.

इथल्या मराठी घरांत जीसीएफ, खमरिया हे आयुधनिर्माण कारखाने किंवा रेल्वे, म्हणजे ‘पक्की नोकरी’, हे गणित पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं. या कामात ते जुळत नाही. केंद्र बांधणाऱ्या कंपनीकडेच बहुधा काही वर्षांचं संचालन आणि देखभाल असते, आणि भरती ठेकेदारामार्फत होते. ठेका बदलला की माणसाचा अनुभव शून्यावर येतो, पगार पुन्हा खालून सुरू होतो. हा अन्याय आहे. शहराचं आरोग्य ज्याच्या हाती, त्याला अकुशल मजुराच्या दराने राबवणं मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेत ऑपरेटरला राज्याचा परवाना लागतो आणि अनुभवानुसार त्याची श्रेणी वाढते. यंत्रं स्वयंचलित झाल्याने तिथे या पदांची संख्या घटेल असा सरकारी अंदाज आहे, तरी निवृत्त होणाऱ्यांच्या जागा दरवर्षी हजारोंनी भराव्या लागतात. आपल्याकडेही यंत्रांवर दुरून नजर ठेवणारे स्काडाचे पडदे आले आहेत. पण सांडपाणी केंद्राच्या वायुवीजन टाकीतलं पाणी लिटरभराच्या मोजपात्रात घेऊन अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो हे पाहायचं, त्याचा रंग आणि वास ओळखायचा, ते माणसालाच करावं लागतं.

सुरुवात आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट) या ट्रेडपासून करावी. पदविका किंवा रसायनशास्त्राची पदवी असेल तर प्रयोगशाळेची वाटही खुली होते. नागपूरकडेही नजर ठेवावी: तिथे नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. मुलाखतीत पगाराइतक्याच ठामपणे आणखी विचारावं: पीएफ कुणाच्या नावाने भरणार, अनुभवाचा दाखला कोण देणार, रात्रपाळीला जोडीदार असतो का, क्लोरीनच्या खोलीबाहेर श्वसनयंत्र टांगलेलं आहे का, आणि पंपाच्या विहिरीत उतरण्याआधी वायू मोजायचं उपकरण हातात देतात का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर मिळालं, तर ती नोकरी धरू नये.