वजनाचा आकडा कुठून मोजावा?

वजन कमी करायचे ठरवणारा माणूस पहिल्याच दिवशी मनाशी एक आकडा धरतो आणि तो बहुधा जुन्या आठवणीतून, म्हणजे लग्नाच्या वा कॉलेजच्या काळातील वजनावरून, किंवा दवाखान्याच्या भिंतीवरील उंची-वजनाच्या तक्त्यावरून आलेला असतो. उंचीच्या सेंटिमीटरांतून शंभर वजा करण्याचा घरोघरी चालणारा हिशेबही असाच आहे. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि वय, बांधा, स्नायू यांपैकी कशाचीच दखल तो घेत नाही.

आज डॉक्टर वापरतात तो बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक. त्याचे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी मांडले, ते एकेका रुग्णासाठी नव्हे तर लोकसमूहांच्या वर्णनासाठी. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मोजणीत हा अंक २५ झाला की वजन जास्त मानतात, पण भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ही मर्यादा २३ वर आणली आहे. या बदलामागचे कारण समजून घेतल्याशिवाय लक्ष्य ठरवणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. काट्यावरचा आकडा एकच असला तरी भारतीय शरीरात स्नायू कमी व चरबी अधिक असू शकते, आणि त्यातही पोटाच्या आत, यकृताभोवती साठणारी चरबी मधुमेह व हृदयविकाराला अधिक निमंत्रण देते.

आता एक हिशेब पाहावा. १५५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ७२ किलो वजनाच्या स्त्रीचा बीएमआय जवळपास ३० येतो; तो २३ वर आणायचा तर तिला ५५ किलोपर्यंत, म्हणजे १७ किलो उतरावे लागेल. हा डोंगर पाहूनच अनेकजणी दुसऱ्या महिन्यात हात टेकतात, आणि पाच किलो उतरले असतानाही ‘काहीच झाले नाही’ असे म्हणतात. ही समजूत चुकीची आहे आणि घातकही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आहार व व्यायामाच्या गटापुढे केवळ सात टक्के वजन घटवण्याचे लक्ष्य होते, तरी त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. वरील स्त्रीच्या बाबतीत सात टक्के म्हणजे पाच किलो, अर्थात ६७. पहिले लक्ष्य हेच असावे. तेथे काही महिने स्थिरावल्यावर, रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून, पुढचा टप्पा ठरवावा. हलक्या शरीराला उष्मांक कमी लागतात, म्हणून जे वजन टिकवण्यासाठी कायम अर्धपोटी राहावे लागते ते वजन तक्त्यात कितीही शोभले तरी त्या व्यक्तीचे नव्हे.

काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप हवीच. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता आणि टेप न आवळता मोजलेला घेर भारतीय पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा. खाण्यातील मीठ, पाणी आणि मासिक पाळी यांमुळे वजन एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते. व्यायामाने स्नायू वाढत असताना काटा जागचा हलत नाही, पण तेव्हाही टेप सैल पडू शकते.

गर्भवती स्त्रियांनी, तसेच साठीपुढील अशक्त व्यक्तींनी वजन घटवण्याचे लक्ष्य स्वतःहून ठरवूच नये. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण वजन उतरू लागले की त्या औषधांची मात्रा कमी करावी लागू शकते.