इंजिनाआधी गिअरबॉक्स ठरवा

अमेरिकेत जुन्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन बसवण्याची हौस दांडगी. १९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये ते आले तेव्हाच त्याचा टॉर्क सुमारे ५४२ न्यूटन-मीटर होता, तोही मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आत. पेट्रोल इंजिनासाठी घडवलेला हलका गिअरबॉक्स त्यापुढे टिकत नाही. पाच गिअरचा एनव्ही ४५०० हा भरवशाचा पर्याय. मात्र डिझेलच्या हादऱ्यांनी त्याच्या पाचव्या गिअरचा नट सैल होतो. जुना घेत असाल तर आधी तोच तपासा. ओव्हरड्राइव्हवर, म्हणजे इंजिनाच्या कमी फेऱ्यांत जास्त वेग देणाऱ्या वरच्या गिअरवर, तडजोड नकोच! हे इंजिन २,५०० फेऱ्यांच्या फार पुढे जात नाही. ओव्हरड्राइव्ह नसेल तर महामार्गावर ते सतत टोकाला राबते आणि डिझेलची बचतही हातची जाते.