अळिंबीची कॅप्सूल आणि पुराव्याचा प्रश्न

कर्करोगाचे बहुतेक बळी मूळ गाठीने नव्हे, तर तिच्यातून सुटून यकृतात, फुप्फुसात, हाडांत रुजलेल्या पेशींमुळे जातात. हा फैलाव औषधी अळिंबीचा अर्क थांबवतो, असे सांगून कॅप्सूल विकल्या जातात. खरे काय?

गॅनोडर्मा अळिंबीच्या अर्काने कर्कपेशींची हालचाल मंदावते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण काचेची बशी म्हणजे माणसाचे शरीर नव्हे! जपानने १९८५ मध्ये शिताके अळिंबीतले लेंटिनान मान्य केले, तेही जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला. तिच्या जागी नव्हे. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याने गॅनोडर्माच्या पाच चाचण्या, ३७३ रुग्ण तपासले. मुख्य उपचार ठरावा इतका पुरावा मिळाला नाही. आयुष्य वाढते की नाही, हेही सांगता आले नाही.

संशोधन जरूर व्हावे, त्याला आमचा विरोध नाही. पण कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई असताना कष्टकऱ्याच्या घामाचा पैसा आशेच्या नावाखाली का लुटला जावा? बांधवांनो, चालू उपचार सोडू नका. विक्रेत्याला विचारा : चाचणी किती माणसांवर झाली? निकाल कुठे आहे? उत्तर नसेल, तर खिशात हात घालू नका.