दीर्घिकांचे लहान गट: पुरावा वायूत आहे

दीर्घिकांच्या विलीनीकरणावर जे लिहिले जाते त्याचा मोठा वाटा महाकाय गुच्छ घेऊन जातात, हे मला कधीच पटलेले नाही. गुच्छात दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतात. एकमेकींजवळून जातात, पण थांबत नाहीत. चार-पाच जणींच्या गटात हा वेग बहुधा दोन-तीनशेच असतो, म्हणून एकदा जवळ आल्या की सुटणे कठीण. एदुआर स्तेफाँ यांनी १८७७ मध्ये शोधलेले पंचक आणि पॉल हिक्सन यांची १९८२ ची शंभर गटांची यादी वाचकांना ठाऊकच आहे. हे गट खरे नाहीत, एका दृष्टिरेषेत आल्याने जवळ दिसतात, असे मानणारा पंथ अजून आहे. त्याला आधारही आहे: पंचकातली एनजीसी ७३२० आपल्यापासून सुमारे चार कोटी प्रकाशवर्षांवर, बाकीच्या एकोणतीस कोटींवर. पण ताम्रसृती मोजल्यावर हिक्सन यांच्या शंभरपैकी ९२ गटांत निदान तीन दीर्घिका एकाच अंतरावरच्या निघाल्या. तरीही, सारखी ताम्रसृती म्हणजे सहवास नव्हे, हा आक्षेप उरतोच.

त्याचे उत्तर ताऱ्यांच्या प्रकाशात शोधणे व्यर्थ आहे, हे मी आग्रहाने मांडत आलो आहे. एम ८१, एम ८२ आणि एनजीसी ३०७७ या सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या तिघी छायाचित्रात अगदी सुट्या दिसतात. १९९४ मध्ये युन, हो आणि लो यांनी २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर त्यांचा नकाशा केला, तेव्हा तिघींना जोडणारे हायड्रोजनचे लांबलचक पूल उघडे पडले. वायूची तबकडी ताऱ्यांच्या तबकडीहून पुष्कळ पसरट आणि तिची कड सैल धरलेली. म्हणून ओढाताणीत ती आधी उसवते आणि खुणा दीर्घकाळ टिकतात. योगायोगाने एका रेषेत आलेल्यांमध्ये असे पूल कुठून येणार? वेर्देस-मोंतेनेग्रो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हिक्सन यांचे ७२ गट तपासले, तर अपेक्षेच्या सरासरी ४० टक्केच उदासीन हायड्रोजन हाती लागला. त्यांनी लावलेला क्रम मला निर्णायक वाटतो: वायू आधी दीर्घिकांत, मग शेपट्यांत, अखेर जवळजवळ सगळा बाहेर. स्तेफाँच्या पंचकातला उदासीन हायड्रोजन असाच दीर्घिकांबाहेर पडलेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. जोशुआ बार्न्स यांच्या १९८९ च्या संगणकीय प्रतिरूपात असा गट लवकरच एका लंबगोल दीर्घिकेत विरतो. मग आज इतके गट शिल्लक कसे? भोवतालच्या विरळ गटांतून नव्या दीर्घिका आत ओढल्या जातात, आणि सामाईक कृष्णद्रव्यात वस्तुमान कसे वाटले गेले आहे त्यावर विलीनीकरणाची गती ठरते. शिवाय अखेरचा टप्पाही सापडला आहे: १९९४ मध्ये पाँमन आणि सहकाऱ्यांनी रोसाट उपग्रहाच्या क्ष-किरण निरीक्षणांत एकटी लंबगोल दीर्घिका दाखवली, पण भोवतालचा तप्त वायू अख्ख्या गटाला शोभेल इतका. खंत एवढीच की २०२२ मध्ये वेब दुर्बिणीने टिपलेले पंचकाचे चित्र सगळ्यांच्या भिंतीवर आले आणि हायड्रोजनचे नकाशे मागेच राहिले. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या हायड्रोजनच्या नेमक्या याच २१ सेंटिमीटर तरंगलांबीपर्यंत पोचतात. नव्या संशोधकांनी आपला वेळ आधी तिथे मागावा.